स्टॉपर: पॅट्रिक अँडरसनची कारकीर्द



ज्या क्रीडाशिक्षकांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते ते तरुणपणी बॅकला खेळत, असे आयोजकांनी पत्रात कळवले होते. तेव्हाच माझा विषय ठरला. फुटबॉलवरच्या व्याख्यानात पेले, मॅराडोना, मेस्सी यांच्यावर बोलणारे पुष्कळ आहेत आणि ऐकणारेही पुष्कळ. पण बॅकला खेळलेल्या माणसाच्या नावाने भरलेल्या सभेत आघाडीवीराचे गुणगान करणे मला बरे वाटेना. म्हणून आज मी पॅट्रिक अँडरसन या स्वीडिश बचावपटूविषयी बोलणार आहे. तो 2005 साली निवृत्त झाला. देशासाठी 96 सामने खेळला आणि त्यात त्याने गोल केले तीन. बायर्न म्युनिककडून दोन मोसमांत त्याने एकच गोल केला. ज्यांना त्याचे नाव आठवते त्यांना ते बहुतेक त्या एका गोलमुळेच आठवते.

हे मला नेहमी खटकत आले आहे. पंधरा-सोळा वर्षे ज्या माणसाने गोल होऊ न देण्याचे काम केले, त्याची ओळख त्याने केलेल्या एका गोलवर उभी राहावी? गोल करणाऱ्याचा आकडा असतो. अडवणाऱ्याने काय अडवले हे कोणत्याच तक्त्यात येत नाही, कारण जे घडलेच नाही ते मोजायचे कसे? आघाडीवीर चेंडूची वाट पाहत उभा आहे आणि चेंडू त्याच्यापर्यंत पोचतच नाही, कारण कोणीतरी दोन पावले आधीच सरकून ती वाट बंद केली आहे. प्रेक्षकांना त्यात काहीच दिसत नाही. समालोचकही दुसऱ्याच खेळाडूचे नाव घेत असतो.

तर त्या गोलपर्यंत मी येणार आहेच, पण जरा लांबच्या वाटेने.

स्वीडनच्या दक्षिण टोकाला स्कोने नावाचा प्रांत आहे. सपाट, शेतीचा मुलूख. त्याचे मुख्य शहर मालमो: बंदराचे, कामगारांचे, पलीकडे समुद्र ओलांडला की डेन्मार्क. या शहराच्या उत्तरेला बोर्गेबी हे छोटे गाव आहे. पॅट्रिकचा जन्म 18 ऑगस्ट 1971 चा, या गावचा. त्याचे वडील रॉय अँडरसन हेही बचावपटू, मालमो एफएफ या क्लबचे. 1978 च्या विश्वचषकात ते स्वीडनकडून खेळले. त्याच्या आदल्या वर्षी, 1977 साली, त्यांना 'गुल्डबोलेन' मिळाला होता. स्वीडनमधल्या वर्षाच्या सर्वोत्तम फुटबॉलपटूला 1946 पासून दिला जाणारा हा मान आहे. पुढे मुलाने तो दोनदा मिळवला, 1995 आणि 2001 साली. बाप-लेक दोघेही स्टॉपर, म्हणजे बचावाच्या मध्यभागी खेळणारे, आणि दोघेही देशातले त्या-त्या वर्षीचे सर्वोत्तम खेळाडू. त्याच घरातला धाकटा मुलगा डॅनियल मधल्या फळीत खेळायचा. तोही स्वीडनच्या संघात पोचला आणि नंतर मालमो क्लबचा क्रीडा संचालक झाला.

आता मालमोची गोष्ट थोडी विस्ताराने सांगतो, कारण ती सांगितल्याशिवाय पॅट्रिक अँडरसन समजत नाही. आणि त्या गोष्टीचा एक धागा थेट आपल्या देशापर्यंत येतो.

1974 साली मालमो क्लबने बॉब हॉटन नावाचा एक इंग्रज प्रशिक्षक आणला. वय सव्वीस. खेळाडू म्हणून कोणी ओळखत नव्हते, संघातले काही खेळाडू तर त्याच्याहून वयाने मोठे. दोन वर्षांनी त्याने आपला मित्र रॉय हॉजसन याला हाल्मस्टाड क्लबमध्ये आणवले. या दोघांनी स्वीडनच्या फुटबॉलची घडी बदलली. तोवर तिथे बचावाची रीत जर्मन वळणाची होती. प्रत्येक बचावपटूला एकेक गिऱ्हाईक नेमून दिलेले. तो जाईल तिथे त्याच्या मागे जायचे, आणि सगळ्यांच्या मागे एक मोकळा खेळाडू, लिबेरो, चुका निस्तरायला. हॉटनने लिबेरो काढून टाकला. चार बचावपटू एका ओळीत. माणूस धरायचा नाही, जागा धरायची. चेंडू डावीकडे गेला की चौघेही डावीकडे सरकणार, चेंडू मागे गेला की चौघेही पुढे चढणार आणि समोरचे आघाडीवीर ऑफसाइडमध्ये अडकणार. त्यांच्या पुढे मधल्या फळीतले चौघे, तेही एका ओळीत, आणि या दोन ओळींमधले अंतर वाढू द्यायचे नाही.

सांगायला दोन मिनिटे लागली. अंगी बाणायला वर्षे लागतात. हॉटन आणि हॉजसन यांच्या सरावात प्रतिस्पर्ध्याशिवायच संघ मैदानात उभा करून चेंडूबरोबर सगळ्यांना सरकवत नेण्याचे धडे चालत, तेच तेच, कंटाळा येईपर्यंत आणि त्याच्याही पुढे. स्वीडनमध्ये यावर मोठा वाद माजला. फुटबॉल संघटनेतल्या मंडळींना, वर्तमानपत्रांतल्या टीकाकारांना हे यांत्रिक वाटत होते. खेळाडूच्या प्रतिभेचा गळा घोटला जातोय, असा आक्षेप होता. टीका अगदीच पोकळ होती असे नाही. त्या पद्धतीतले कित्येक सामने बघायला खरोखरच रटाळ असत. पण मालमोने 1974, 1975 आणि 1977 ची लीग जिंकली, हाल्मस्टाडसारख्या लहान क्लबने 1976 आणि 1979 ची. पुढे स्वेन-योरान एरिक्सन याने हीच रीत उचलली आणि 1982 साली गोथेनबर्गच्या क्लबला युएफा चषक मिळवून दिला. जिंकणाऱ्याशी वाद घालणे लोक हळूहळू सोडून देतात.

1979 साली तर मालमोचा हा संघ युरोपियन चषकाच्या अंतिम सामन्यात पोचला. परदेशी खेळाडू एकही नाही, बहुतेक जण मालमो आणि आसपासचेच. 30 मे 1979, म्युनिकचे ऑलिम्पिक स्टेडियम, समोर ब्रायन क्लफचा नॉटिंगहॅम फॉरेस्ट. मालमो 0-1 हरले. रॉय अँडरसन त्या सामन्यात नव्हते. दुखापतीने बाहेर बसावे लागले. पॅट्रिक तेव्हा सात वर्षांचा. म्युनिक हे नाव ध्यानात ठेवा, पुन्हा येणार आहे.

हॉटन जगभर फिरले, नव्वदच्या सुमारास पुन्हा मालमोत आले आणि या खेपेला त्यांच्या हाताखाली जो कोवळा स्टॉपर खेळत होता तो रॉयचा मुलगा. पॅट्रिक 1989 मध्ये मालमोच्या पहिल्या संघात आला होता. वडिलांना ज्याने सरकायला शिकवले त्यानेच मुलालाही शिकवले. हेच बॉब हॉटन 2006 साली भारताचे राष्ट्रीय प्रशिक्षक झाले. 2007 आणि 2009 चा नेहरू चषक, 2008 चा एएफसी चॅलेंज चषक आपण त्यांच्या हाताखाली जिंकलो आणि 1984 नंतर प्रथमच, 2011 साली, आशियाई चषकाच्या मुख्य स्पर्धेत खेळलो. गोव्याचा क्लायमॅक्स लॉरेन्स मधल्या फळीत आणि गोव्याचाच महेश गवळी बचावात, हे दोघे त्यांच्या संघातले. दोन सरळ ओळी, मधले अंतर राखायचे, माणसापेक्षा जागा महत्त्वाची, हे धडे हॉटन यांनी आपल्या पोरांनाही दिले. आपल्याकडेही त्यांच्यावर रटाळ खेळाचा आरोप झालाच. मालमोचा रॉय अँडरसन आणि गोव्याचा महेश गवळी हे एका अर्थाने गुरुबंधू ठरतात, आणि गोव्यातल्या फुटबॉलवर इतके लिहिले जात असताना हे नाते कोणी फारसे नोंदवत नाही, याचे मला आश्चर्य वाटते.

पॅट्रिककडे येऊ. 1992 ची युरोपीय राष्ट्रांची स्पर्धा स्वीडनमध्येच भरली. यजमान म्हणून स्वीडनला त्या स्पर्धेत पहिल्यांदाच प्रवेश मिळाला होता. विसाव्या वर्षी तो यान एरिक्सनच्या जोडीला मध्यभागी उभा राहिला. स्वीडनने गटात डेन्मार्क आणि इंग्लंडला हरवले. उपान्त्य सामन्यात जर्मनीने स्वीडनला 3-2 असे हरवले, त्या सामन्यात पॅट्रिक मैदानात नव्हता. त्याच वर्षी तो इंग्लंडला ब्लॅकबर्नमध्ये गेला. तिथे जम बसला नाही. दहा-बारा लीग सामने, इतकेच. त्यावर जास्त बोलण्यासारखे काही नाही.

त्या उन्हाळ्यात मात्र आणखी एक गोष्ट घडली, आणि ती माझ्या दृष्टीने त्याच्या ब्लॅकबर्नच्या मुक्कामापेक्षा महत्त्वाची आहे. फुटबॉलचा एक नियम बदलला. तोपर्यंत बचावपटू अडचणीत आला की चेंडू मागे गोलरक्षकाकडे ढकलायचा, गोलरक्षक तो हातात उचलायचा, छातीशी धरून चार श्वास घ्यायचा. वेळ काढण्याचा याहून सोपा मार्ग नव्हता. 1992 च्या युरोपीय स्पर्धेनंतर तो बंद झाला. आपल्याच खेळाडूने मुद्दाम पायाने मागे दिलेला चेंडू गोलरक्षकाने हाताळला तर प्रतिस्पर्ध्याला इनडायरेक्ट फ्री किक. या नियमाने बचावपटूंचे आयुष्य अवघड केले. ज्यांना फक्त चेंडू उडवता येत होता ते मागे पडले, ज्यांना दबावाखाली पायात चेंडू ठेवून पास देता येत होता ते टिकले. पॅट्रिक अँडरसन टिकणाऱ्यांतला होता. हा नियमही लक्षात असू द्या.

1993 मध्ये तो जर्मनीत, बोरुसिया मॉन्शेनग्लाडबाखला गेला आणि सहा मोसम राहिला. त्याच्या कारकिर्दीचा हा सर्वांत भरीव काळ, असे माझे मत. लिबेरोला सुट्टी देणाऱ्या शाळेत घडलेला हा खेळाडू, आणि जर्मनी म्हणजे लिबेरोचे माहेरघर! लोथार माथेउस तर 2000 सालापर्यंत राष्ट्रीय संघात त्या जागी खेळत होता. अशा देशात जाऊन अँडरसनने दोन्ही रीती पचवल्या. ओळीत उभे राहायची सवय होतीच. आता सगळ्यांच्या मागे मोकळे राहून खेळ वाचायलाही तो शिकला. सोबत मार्टिन डालीन हा स्वीडिश आघाडीवीर होता, आणि 1994 पासून मधल्या फळीत स्टेफान एफेनबर्ग: तापट, उद्धट, पण चेंडू पायात आला की सगळ्या संघाला दिशा देणारा. 1995 मध्ये बर्लिनला झालेल्या जर्मन चषकाच्या अंतिम सामन्यात ग्लाडबाखने वोल्फ्सबुर्गला 3-0 हरवले. डालीन, एफेनबर्ग आणि हेरलिश यांचे गोल. 1979 नंतर त्या क्लबला मिळालेला हा पहिला मोठा चषक. तीन गोल कोणी केले ते मी आत्ता सांगितले. समोरच्याला शून्यावर कोणी ठेवले ते सांगायला वर्तमानपत्रेही सहसा विसरतात. स्वीडिश परीक्षक विसरले नाहीत, त्या वर्षीचा गुल्डबोलेन पॅट्रिकला मिळाला.

त्याआधीचे वर्ष होते 1994 चे, अमेरिकेतल्या विश्वचषकाचे. आपल्याकडे ते सामने रात्री उशिरा आणि पहाटे दिसायचे आणि माझ्या पिढीतल्या कित्येकांना स्वीडनचा संघ तेव्हाच पहिल्यांदा नीट दिसला. सांगा बरे, त्यातले कोण आठवते? गोल केल्यावर गिरकी घेणारा ब्रोलिन. उंच उडी मारणारा केनेट अँडरसन. लांब केसांचा तरुण हेन्रिक लार्सन. रुमानियाविरुद्ध टायब्रेकरमध्ये दोन किक अडवणारा, डोळे वटारणारा गोलरक्षक रावेली. स्वीडनने सात सामन्यांत 15 गोल केले, त्या स्पर्धेत सर्वाधिक. मध्यभागी पॅट्रिक अँडरसन आणि योआकिम ब्योर्कलुंड ही जोडी होती. डावीकडे युंग, उजवीकडे रोलांड निल्सन. ब्राझीलशी त्यांची दोनदा गाठ पडली. गटात 1-1. उपान्त्य सामन्यात कर्णधार योनास थेर्नला लाल कार्ड मिळाल्यामुळे शेवटचा जवळजवळ अर्धा तास दहाजण लढत होते, आणि ऐंशीव्या मिनिटाला झोर्जिन्योच्या क्रॉसवर रोमारिओने हेडर मारला. उंच स्वीडिश बचावपटूंच्या मधून, संघातल्या सर्वांत ठेंगण्या खेळाडूंपैकी एकाने. 0-1. तिसऱ्या क्रमांकासाठी मग बल्गेरियाला 4-0.

रोमारिओच्या त्या गोलवर मी अनेकदा विचार केला आहे. सामनाभर ब्राझीलने मारा केला, स्वीडनच्या बचावाने आणि रावेलीने तो थोपवला. ऐंशी मिनिटांच्या चोख कामाची नोंद कोठे नाही, एका क्षणाच्या ढिलाईची चित्रफीत आजही दाखवतात. या धंद्यात हे गृहीतच धरावे लागते.

एक आकडा मात्र असा आहे की ज्यात बचावपटूंचे काम स्वच्छ दिसते. 2000 च्या युरोपीय स्पर्धेसाठी पात्रता फेरीत स्वीडनच्या गटात इंग्लंड, पोलंड आणि बल्गेरिया होते, शिवाय लक्झेम्बर्ग. स्वीडन आठ सामने खेळले. सात जिंकले, एक बरोबरीत. केलेले गोल 10, खाल्लेला गोल 1. तोही पहिल्याच सामन्यात इंग्लंडच्या ॲलन शिअररचा. त्यानंतर सात सामने एकही गोल नाही. दहा गोलांत सात विजय, म्हणजे बहुतेक सामने एखाद-दोन गोलांनी काढलेले. बघायला बहुधा रटाळ. पण एखाद्या तरुण प्रशिक्षकाने मला विचारले की बचाव म्हणजे काय, तर मी त्याला 1994 च्या संघाचे नाव सांगणार नाही, या आठ सामन्यांचे सांगेन. कर्णधार होता पॅट्रिक अँडरसन. आणि मग मुख्य स्पर्धा सुरू झाली, ब्रुसेल्सला बेल्जियमविरुद्ध पहिला सामना, आणि त्याच कर्णधाराला सामना संपायच्या सुमारास दोन पिवळ्या कार्डांमुळे बाहेर जावे लागले. स्वीडन तिथे हरले, तुर्कस्तानशी बरोबरी, इटलीशी हार, गटातच घरी.

एव्हाना तो बायर्न म्युनिकमध्ये होता. ग्लाडबाख 1999 मध्ये दुसऱ्या विभागात घसरल्यावर बायर्नने त्याला घेतले. एफेनबर्ग वर्षभर आधीच तिथे गेलेला. अँडरसन आला तेव्हा त्या क्लबची एक जखम ताजी होती. 26 मे 1999 ला बार्सिलोनात चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्यात बायर्न 1-0 पुढे असताना मँचेस्टर युनायटेडने भरपाई वेळेत दोन गोल केले होते. त्या संघातला घानाचा बचावपटू सॅम्युएल कुफूर मैदानावर मुठी आपटून रडला होता. आता प्रशिक्षक ओटमार हिट्झफेल्ड यांनी मागे तिघांची रचना केली: कुफूर, लिंके आणि मधोमध अँडरसन. 2000 ची लीग बायर्नने शेवटच्या दिवशी जिंकली, कारण लेव्हरकुसेन त्या दिवशी उंटरहाखिंगकडून हरले. 2001 ची लीगही शेवटच्याच दिवसावर गेली.

19 मे 2001, शनिवार. बायर्न हॅम्बुर्गच्या मैदानावर, शाल्के आपल्या घरी उंटरहाखिंगविरुद्ध. बायर्नला एक गुण पुरेसा. बायर्न हरले आणि शाल्के जिंकले तर गुण समान आणि गोलफरकावर लीग शाल्केची. शाल्केला 1958 नंतर लीग मिळालेली नव्हती. तिकडे शाल्के 5-3 ने जिंकले. इकडे नव्वदाव्या मिनिटापर्यंत 0-0, आणि नव्वदाव्या मिनिटाला हॅम्बुर्गच्या बार्बारेझने हेडरने गोल केला. शाल्केच्या मैदानात लोक आत घुसले, रडू लागले, एकमेकांना मिठ्या मारू लागले. हॅम्बुर्गचा सामना संपला, अशी बातमी पसरली होती. सामना संपलेला नव्हता. गोलरक्षक ऑलिव्हर कान आपल्या खेळाडूंना अक्षरशः ओरडून उठवत होता.

भरपाई वेळेत हॅम्बुर्गच्या गोलसमोर गडबड झाली. बचावपटू उयफालुशी याच्या पायाचा चेंडू गोलरक्षक मथियास शोबरकडे गेला आणि त्याने तो हातात उचलला. पंच मार्कुस मर्क यांनी शिट्टी मारली: बॅकपास, इनडायरेक्ट फ्री किक, पेनल्टी क्षेत्राच्या आत. उयफालुशीने तो मुद्दाम मागे दिला होता का, यावर हॅम्बुर्गचे आणि त्याहून जास्त शाल्केचे लोक आजही भांडतात. आणि हा शोबर कोण? शाल्केने हॅम्बुर्गला उसना दिलेला गोलरक्षक! कादंबरीकाराने हे लिहिले असते तर संपादकाने खोडले असते.

हॅम्बुर्गचा जवळजवळ सगळा संघ गोलसमोर भिंत करून उभा राहिला. एफेनबर्गने चेंडू हलकेच सरकवला आणि अँडरसनने तो मारला. भिंतीतून वाट काढत चेंडू आत. 1-1. कान धावत जाऊन कोपऱ्यातला झेंडा उपटून आडवा झाला. शाल्केच्या मैदानावर मोठ्या पडद्यावर लोकांनी तो गोल पाहिला. बायर्न 63 गुण, शाल्के 62. चार मिनिटांचे विजेते म्हणून शाल्केची ती कहाणी जर्मनीत अजून सांगितली जाते आणि त्यांना 'हृदयातले विजेते' म्हणतात. शाल्केचे व्यवस्थापक रुडी आसाउअर यांनी आपला फुटबॉलच्या देवावरचा विश्वास उडाल्याचे सांगून टाकले. शाल्केला अजूनही, त्या दिवसानंतर, लीग मिळालेली नाही.

या गोलला चमत्कार म्हणतात. मला ते मान्य नाही. नशीब त्यात होते, भिंतीतून चेंडू जाणे हे नशीबच. पण त्या क्षणी चेंडूमागे अँडरसन का उभा होता? बायर्नकडे आघाडीवीर होते, त्या सगळ्यांना सोडून एफेनबर्गने चेंडू दिला तो एका स्टॉपरला, ज्याने त्या क्लबसाठी एकही गोल केलेला नव्हता. एफेनबर्ग त्याला ग्लाडबाखपासून ओळखत होता, चार मोसम रोजचा सराव एकत्र केलेला. त्याला माहीत होते की या माणसाच्या पायात जोर आहे आणि डोके थंड. दुसरी गोष्ट, बॅकपासचा तो नियम. बचावपटूंची पळवाट बंद करायला आणलेला नियम, ज्याच्या जाचाखाली अँडरसन आपली सगळी मोठी कारकीर्द खेळला. त्याच नियमाने दुसऱ्या एका बचावपटूला पकडले आणि संधी याच्या पायाशी आणून ठेवली. त्या नियमाची धग त्या मैदानावर त्याच्याइतकी क्वचितच कोणाला ठाऊक असेल.

इथे बहुतेक लेखक थांबतात. मला मात्र पुढचा बुधवार जास्त महत्त्वाचा वाटतो.

चार दिवसांनी, 23 मे रोजी, मिलानच्या सान सिरो मैदानावर चॅम्पियन्स लीगचा अंतिम सामना, बायर्न विरुद्ध व्हॅलेन्सिया. बायर्न मँचेस्टर युनायटेड आणि रेआल माद्रिद या दोघांना हरवून इथवर आलेले. तिसऱ्याच मिनिटाला गोलसमोरच्या गर्दीत चेंडू अँडरसनच्या हाताला लागला. पेनल्टी. व्हॅलेन्सियाच्या मेंडिएटाचा गोल. शनिवारचा नायक बुधवारी तीन मिनिटांत खलनायक! थोड्याच वेळात बायर्नला मिळालेली पेनल्टी शोलने मारली ती गोलरक्षक कॅन्यिझारेसने अडवली. उत्तरार्धात एफेनबर्गने दुसऱ्या पेनल्टीवर बरोबरी साधली. उरलेला वेळ आणि जादा वेळ, दोन्हीत पुन्हा गोल नाही. तिसऱ्या मिनिटाला ज्याच्या हातून घोडचूक झाली त्याने पुढची शंभराहून जास्त मिनिटे मध्यभागी उभे राहून, व्हॅलेन्सियाच्या एकालाही दुसरा गोल करू न देता काढली. मला विचाराल तर त्याच्या कारकिर्दीतला सर्वांत मोठा खेळ हा.

मग टायब्रेकर. प्रत्येकी तीन किकनंतर 2-2. चौथी किक मारायला गेला अँडरसन. पाहा, काय जिगर असेल: ज्याच्यामुळे पहिली पेनल्टी गेली तोच पुढे येतो. कॅन्यिझारेसने ती अडवली. लगेच पुढची, व्हॅलेन्सियाच्या कार्बोनीची, कानने रोखली. सात किकपर्यंत गोष्ट गेली. बायर्नची सातवी मारली लिंकेने, म्हणजे अँडरसनच्या शेजारच्या बचावपटूने, गोल. व्हॅलेन्सियाची सातवी मारली पेलेग्रिनो या त्यांच्या स्टॉपरने, कानने अडवली. युरोपचा चषक शेवटी दोन बचावपटूंच्या पायांवर ठरला. बायर्नने तो पंचवीस वर्षांनी जिंकला होता. आणि रॉय अँडरसन यांना बावीस वर्षांपूर्वी म्युनिकमध्ये जो सामना खेळता आला नाही, त्याच चषकाचे पदक त्यांच्या मुलाने म्युनिकच्या क्लबकडून मिळवले. त्या वर्षीचा गुल्डबोलेन पुन्हा त्याला मिळाला तो त्या एका गोलसाठी, असे समजणारे समजोत. त्या आठवड्याचा सगळा हिशेब धरला तर एक गोल केला, एक पेनल्टी दिली आणि एक चुकवली. परीक्षकांनी यापलीकडचे काहीतरी पाहिले असणार.

उतरणीचा भाग थोडक्यात सांगतो. त्याच उन्हाळ्यात त्याला बार्सिलोनाने घेतले. तीन वर्षे तो तिथे होता आणि त्यातली बरीचशी दुखापतींत गेली. क्लबलाही त्या तीन वर्षांत काही जिंकता आले नाही. 2002 च्या विश्वचषकासाठी स्वीडनच्या संघात निवड झाली, पण शरीराने साथ दिली नाही आणि तो एकही मिनिट खेळला नाही. शंभरीला चार कमी असताना राष्ट्रीय संघाचा विषय संपला. 2004 मध्ये तो मालमोला परतला. भाऊ डॅनियलही परत आलेला. त्या वर्षी मालमोने लीग जिंकली, ऐंशीच्या दशकानंतर पहिल्यांदाच. म्हणजे बार्सिलोनात जे जमले नाही ते घरी जमले. 2005 मध्ये तो थांबला.

आता जरा मानसन्मानांविषयी, आणि मग मी आपली रजा घेतो. सुरुवातीला युरोपमधल्या आणि आता जगातल्या सर्वोत्तम फुटबॉलपटूला मिळणारा 'बालों द'ओर' 1956 पासून दिला जातो. इतक्या वर्षांत तो बचावात खेळणाऱ्या तिघांनाच मिळाला: बेकनबाउअर, झामर आणि कानावारो. त्यातले पहिले दोघे लिबेरो, म्हणजे निम्मे मधल्या फळीतलेच. स्वीडनची यादी मात्र वेगळी दिसते. 1968 साली ब्योर्न नॉर्डक्विस्ट, जो पुढे 115 आंतरराष्ट्रीय सामने खेळून त्या वेळी जगात सर्वांत पुढे गेला. 1977 साली रॉय अँडरसन. 1983 आणि 1988 साली ग्लेन हिसेन. 1995 साली पॅट्रिक, 1996 साली रोलांड निल्सन, 2001 साली पुन्हा पॅट्रिक, 2003 साली ओलोफ मेलबर्ग. हे सगळे बचावपटू. लोकसंख्या एक कोटीच्या आसपास असलेल्या देशाने विश्वचषकात तिसरा क्रमांक मिळवला, त्यामागे ही गुणग्राहकता आहे, असे मी ठामपणे म्हणतो. ज्या गावात बॅकच्या पोरालाही बक्षीस मिळते तिथे चांगले पोर बॅकला खेळायला तयार होते. आपल्याकडे चांगला पोरगा दिसला की त्याला पुढे घालतात, आणि ज्याला पळता येत नाही तो मागे.

म्हणून आयोजकांना एक विनंती. आपण दरवर्षी आंतरशालेय फुटबॉल स्पर्धा घेता. तिची बक्षिसांची यादी मी आज सकाळी पाहिली. सर्वाधिक गोल करणाऱ्याला चषक आहे, उत्कृष्ट गोलरक्षकाला आहे, शिस्तबद्ध संघाला आहे. बचावपटूला नाही. यंदापासून ते ठेवा, आणि ज्यांच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत त्यांच्या नावाने ठेवा. निवड करणाऱ्यांना सांगा की गोल मोजू नका, पूर्ण सामना मागच्या चौघांकडे बघत बसा. पहिल्या वर्षाच्या बक्षिसाची रक्कम माझ्याकडून घ्यावी.